कोकण किनाऱ्यावरून उपग्रहाचं चित्र थेट पकडायचं तर: रिसीव्हर नंतर, आधी जागा, अँटेना आणि जोड

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवण तालुक्यात समुद्राजवळ घर आहे, मागे डोंगर. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना हवामान उपग्रहाचं चित्र आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा आवाज इंटरनेट न वापरता थेट आकाशातून पकडून दाखवायचा आहे. त्यासाठी आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत बसणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतलं, गच्चीवर व्ही आकाराचा अँटेना लावला आणि २० मीटर आरजी-५८ केबल खोलीपर्यंत आणली. नोआ-१९ या अमेरिकी हवामान उपग्रहासाठी १३७.१ मेगाहर्ट्झवर महिनाभर कान लावूनही नुसती खरखर. अवकाश स्थानक कधी ऐकू येतं, कधी नाही. पावसाळा संपल्यावर पाहिलं तर जोड हिरवे पडलेले. मग आता महागडा रिसीव्हर घ्यावा का?

घेऊ नका. आहे ते डोंगल या कामाला पुरेसं आहे. तुमच्या अडचणी चार आहेत: बंद पडलेला उपग्रह, चुकीची जागा, लांब केबल आणि खारा वारा. यातली एकही नवा रिसीव्हर आणून सुटणार नाही.

पहिली अडचण लगेच मिटते. नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे तिन्ही उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान कायमचे बंद करण्यात आले. नोआ-१५ ने १९९८ पासून काम केलं, म्हणजे त्याची रजा रास्तच होती. पण हौशी लोकांसाठी लिहिलेली बहुतेक मार्गदर्शनं याच तीन उपग्रहांवर बेतलेली आहेत आणि ती अजून तशीच फिरतात. तुमचा अँटेना कदाचित पहिल्या दिवसापासून ठीकच असेल. पलीकडून बोलणारंच कोणी उरलं नव्हतं.

आता १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्र पाठवणारे कामाचे उपग्रह म्हणजे रशियाचे मेटिओर-एम २-३ (जून २०२३ मध्ये सोडलेला) आणि मेटिओर-एम २-४ (फेब्रुवारी २०२४). दोघे साधारण ८२० किलोमीटर उंचीवरून ध्रुवीय कक्षेत फिरतात आणि १३७.९ किंवा १३७.१ वर प्रक्षेपण करतात. यातली कुठली वारंवारता चालू आहे ते बदलत असतं, म्हणून फेरीच्या, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जाण्याच्या, आधी ताजी स्थिती पाहून घ्या. सुरुवात २-४ ने करा. २-३ चा सिग्नल त्याच्यापेक्षा अशक्त असतो आणि नवख्याला तो निष्कारण हताश करतो.

नोआचं प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होतं. सिग्नल क्षीण झाला की चित्रात मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचं. मेटिओरचं प्रक्षेपण डिजिटल आहे, त्याला एलआरपीटी म्हणतात. त्यात अर्धवट काही मिळत नाही. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असला की ओळी स्वच्छ उतरतात, खाली गेला की त्या जागी काळी पट्टी. जुन्या पद्धतीत खपून जाणारे बारीकसारीक दोष इथे खपत नाहीत. ‘चित्र सुंदर, पण मधेमधे काळे पट्टे’ ही तक्रार म्हणूनच नेहमीची आहे. बदल्यात मिळतं ते मात्र भरघोस: पिक्सेल सुमारे एक किलोमीटरचा, पट्टा २,८०० किलोमीटर रुंद. स्वच्छ दिवशीच्या एका चित्रात अरबी समुद्र, सह्याद्रीची कड, पलीकडे ओमानचा किनारा, सगळं दिसतं.

जागा

कोकणात बसणाऱ्याची समजूत असते की पूर्वेचं आकाश सह्याद्री अडवतो. थोडा हिशोब करून पाहा. घाटमाथा किनाऱ्यापासून साधारण ५० किलोमीटरवर आणि उंची १,००० मीटर धरली, तर तो क्षितिजावर जेमतेम एक अंश येतो. त्याने काही बिघडत नाही. आकाश अडवते ती घरामागची टेकडी. अर्ध्या किलोमीटरवर १५० मीटर उंचीचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) उभा असेल तर तो १७ अंश खाऊन टाकतो. खाडीकाठच्या वाड्या तर दोन्ही बाजूंनी डोंगरात बसलेल्या असतात. त्यात माड आणि आंब्याची ओली, दाट पानं. १३७ मेगाहर्ट्झची लहर पानांतून बऱ्यापैकी पार होते, पण कमी उंचीवरच्या उपग्रहाला बागेच्या आरपार पाहावं लागतं तेव्हा तो फरक जाणवतो.

म्हणून पहिली चाचणी घराच्या गच्चीवर करूच नका. लॅपटॉप, डोंगल, तीन मीटर केबल आणि अँटेना घेऊन सड्यावर जा. उघडा जांभा, आजूबाजूला ना झाड ना वीज. तिथे चित्र उतरलं की यंत्रणा ठीक आहे हे नक्की झालं. मग घरी जे काही बिघडेल तो घराचा दोष. हे न करता गच्चीवरच महिनाभर झगडत बसलं की सात संशयित एकदम समोर येतात आणि एकही हाती लागत नाही.

पश्चिमेचा समुद्र हे मात्र आपलं खरं धन आहे. ८२० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे ३,००० किलोमीटरवरून क्षितिजावर येतो. म्हणजे तो एडनच्या डोक्यावर असतानाच मालवणच्या किनाऱ्यावरून दृष्टीत येतो आणि मधे आडवं येणारं काहीही नसतं. एका मेटिओरच्या दिवसाला चार-पाच फेऱ्या क्षितिजावर येतात, पण त्यातल्या २० अंशांच्या वर चढणाऱ्या सरासरी दोनच. शहरात बसलेला माणूस उरलेल्या सोडून देतो. तुम्ही समुद्रावरून जाणाऱ्या फेऱ्या वापरू शकता आणि मोसमी ढग अरबी समुद्रावर कसे सरकतात हे मुलांना त्यांतूनच दाखवता येतं.

या फेऱ्यांची एक खोड आहे. समुद्राचं पाणी या लहरींना आरशासारखं परतवतं. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून उलटून आलेली लहर कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. अँटेना पाण्यापासून ३० मीटर उंच कड्यावर असेल तर साधारण दर दोन अंशांनी सिग्नल बुडतो आणि पुन्हा वर येतो. चित्रात ठरावीक अंतराने काळ्या पट्ट्या दिसल्या तर केबलला दोष देण्याआधी हे तपासा. उपाय सोपा आहे: अगदी कड्याच्या टोकावर बसू नका. २०-३० मीटर मागे सरका, म्हणजे सड्याची कड खालचं पाणी झाकते आणि क्षितिज तरी उघडं राहतं.

विजयदुर्गासारखी समुद्रात घुसलेली जागा मुलांच्या प्रात्यक्षिकाला उत्तम. किल्ला संरक्षित स्मारक असल्याने परवानगी आधी घ्यावी लागेल. तिथे गेलात तर साहेबाचे ओटे दाखवायला विसरू नका. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथे दुर्बिणी मांडल्या होत्या. मुलांना एक गोष्ट मात्र नीट सांगा: हेलियमचा शोध इथेच लागला असं म्हणतात, पण सूर्याच्या वर्णपटातली त्याची पिवळी रेषा विजयदुर्गावर सापडली नाही. ती १८६८ ची गोष्ट. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गाचं महत्त्व खऱ्या इतिहासानेही भरपूर आहे, त्याला चुकीचा टेकू कशाला?

अँटेना

व्ही अँटेनाची प्रत्येक भुजा ५३ सेंटिमीटर, दोन भुजांमधला कोन १२० अंश, दोन्ही जमिनीला समांतर. हे माप १३७ मेगाहर्ट्झचं. अवकाश स्थानकाच्या १४५.८ साठी ४९ सेंटिमीटर लागतं, पण ५३ वरही स्थानक ऐकू येतं, दोन वेगळे अँटेना करायची गरज नाही.

व्हीचं उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. डोक्यावरून जाणाऱ्या फेरीला ते बरोबर आहे, कारण उपग्रह उत्तर-दक्षिण जातो. पण असा ठेवलेला अँटेना पूर्व-पश्चिमेला कमी ऐकतो आणि नेमकी आपली समुद्रावरची फेरी पश्चिमेकडून जाते. म्हणून ४० अंशांच्या वर चढणाऱ्या फेरीला तोंड उत्तरेला, पश्चिमेच्या बुटक्या फेरीला तोंड समुद्राकडे. खांबावर अँटेना हाताने फिरवता येईल असा बसवा, एका बोल्टचं काम आहे.

जमिनीपासूनची उंची ही लोकांच्या लक्षात न येणारी बाब. खाली पत्र्याचं छप्पर असेल तर अँटेना त्याच्यापासून साधारण ५५ सेंटिमीटर वर ठेवा. तोच १.१ मीटरवर नेला तर पत्र्यावरून परतलेली लहर डोक्यावरच्या दिशेचा सिग्नल मारते आणि सगळ्यात जवळ आलेला उपग्रह नेमका तिथेच हरवतो. उंच खांब म्हणजे चांगला सिग्नल, ही टीव्हीच्या अँटेनाची सवय इथे उपयोगी नाही.

व्हीवर दोन-चार चांगली चित्रं मिळाली की क्यूएफएच करा. दोन पिळलेल्या चौकटींचा हा अँटेना पीव्हीसी पाइप आणि एसीच्या कामातली बारीक तांब्याची नळी यांतून घरी होतो. मापं काढण्याचे गणकयंत्र फुकट मिळतात; वारंवारता १३७.५ आणि रुंदी-उंचीचं गुणोत्तर ०.४४ धरा. मेटिओरची लहर उजव्या पिळाची, म्हणजे स्क्रूसारखी फिरत पुढे सरकणारी, असते. क्यूएफएच तिला धरतो आणि पाण्यावरून उलटून आलेल्या, पीळ उलटा झालेल्या लहरीला फारशी दाद देत नाही. समुद्राच्या त्या खोडीवर हा पक्का इलाज. चुकतं ते एकाच ठिकाणी: आकृतीतली पिळाची दिशा करताना आरशातल्यासारखी उलटी होते. तसं झालं तर जिवंत सिग्नलही जवळपास नाहीसा होतो आणि साध्या व्हीवर मात्र तो स्पष्ट येतो. अशी उलटी गत दिसली की पीळच तपासा.

केबल आणि गंज

२० मीटर आरजी-५८ मध्ये या वारंवारतेला साधारण चार डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच मेला. डिश टीव्हीची आरजी-६ केबल लावलीत तर तेवढ्याच लांबीत दीड डेसिबलच्या आसपास जाईल. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक बिचकतात, पण त्या फरकाने होणारं नुकसान दोन दशांश डेसिबलही नाही. कुडाळ-कणकवलीच्या कुठल्याही केबलवाल्याकडे ती मिळते. डोंगलसाठी एफ-टू-एसएमए अडॅप्टर लागेल, तेवढं मागवा.

याहून चांगला उपाय म्हणजे केबल लांब ठेवूच नका. लॅपटॉप अँटेनापाशी न्या. कायमची मांडणी हवी असेल तर एलएनए, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी डबी, अँटेनाच्या बुडाशी बसवा. डोंगलच्या बाजूला लावलात तर केबलमधला कचराच वाढवून मिळतो. तिला वीज केबलमधूनच जाते, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बायस-टी चालू करावं लागतं. क्यूएफएच हा डीसी विजेला शॉर्ट असतो, म्हणून मधे एलएनए नसताना बायस-टी चालू करू नका.

आता हिरव्या पडलेल्या जोडांकडे. एक कनेक्टर उघडून उजेडात धरा. आतल्या मधल्या तारेवर काळपट थर दिसेल, जाळीच्या कडेला पोपटी-हिरवी भुकटी, आणि आवरण थोडं मागे ओढलं की जाळी पाऊण-एक वीत आतपर्यंत काळी झालेली. म्हणजे पाणी जाळीच्या विणीतून आत चढत गेलं. वरून कनेक्टर बदलून भागत नाही. चकाकती धातू दिसेपर्यंत केबल कापत जा. एक मीटर कापूनही काळीच निघाली तर ती केबल टाकून द्या.

मिठाच्या हवेत वेगवेगळे धातू एकत्र आणले की ते एकमेकांना खातात. अ‍ॅल्युमिनियमची भुजा आणि तांब्याची तार पितळी स्क्रूत एकत्र पिळली, तर एका मोसमात अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड होते आणि जोड दिसायला घट्ट पण विजेला तुटलेला. किनाऱ्यावर भुजा तांब्याच्या किंवा पितळेच्या घ्या, तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडा आणि डागावर पारदर्शक लॅकर लावा. आरजी-६ ची जाळी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला डाग बसत नाही. तिथे दाबून बसणारा एफ कनेक्टर वापरायचा आणि तो जोड हवाबंद करायचा. स्क्रू साध्या लोखंडाचे नकोत. स्टेनलेस घ्या, मिळाल्यास ३१६ ग्रेडचे. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात सापडतात.

हवाबंद करायला काळी विजेची टेप पुरत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात ती चिकट होऊन सुटते. ताणल्यावर स्वतःच्याच थरांना चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती घ्या. दुप्पट ताणा, अर्धा थर अर्ध्यावर येऊ द्या आणि खालून वर गुंडाळत जा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी वरून ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक थराची कड पाणी झेलत बसते. या टेपला ऊन सोसत नाही, म्हणून तिच्यावर साधी पीव्हीसी टेप. सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं टाळा. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खिडकीच्या पातळीखाली एक झोळ द्या, नाहीतर पागोळीचं पाणी तिच्यावरून सरळ टेबलावर येईल.

मृगाच्या आधी, घराची पावसाळी डागडुजी चालू असते त्याच आठवड्यात, बाहेरचा अँटेना उतरवा. त्या मोसमात तो बाहेर राहून कमावतो कमी, गमावतो जास्त. काम मात्र थांबवायला नको: पावसाने १३७ मेगाहर्ट्झची लहर अडत नाही. कौलारू घर असेल तर व्ही अँटेना माळ्यावर कौलांखाली टांगा. ओल्या कौलांनी थोडं नुकसान होतं, तरी उंच फेऱ्या मिळतात. पत्र्याखाली मात्र काही मिळणार नाही. माळ्याचा आणखी एक फायदा म्हणजे वानरं तिथे पोहोचत नाहीत. बाहेरच्या क्यूएफएचला ती लोंबकळली की चौकट वाकते आणि माप बिघडतं.

विजेबद्दल गांभीर्याने सांगणं भाग आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर अर्थिंग चांगलं मिळत नाही, म्हणून चार फुटांची सळई ठोकून निर्धास्त होऊ नका. गडगडाट ऐकू आला की केबल डोंगलपासून काढून घराबाहेर टाका. मुलं सड्यावर असतील तर अँटेना तिथेच सोडून खाली उतरा.

खरखर कुठून येते

घरी सिग्नल मिळत नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि मेन स्विच बंद करा. वॉटरफॉलवरचा, म्हणजे पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या रंगीत पट्टीवरचा, गोंगाट एकदम खाली बसला तर दोषी घरातच आहे. मग एकेक फ्यूज चालू करत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, इन्व्हर्टर किंवा मोबाईलचा चार्जर निघतो. लाईट गेल्यावर आपोआप हीच चाचणी होते, त्या वेळी जरूर ऐका.

आपल्याकडे आणखी एक खास शत्रू आहे: बागेच्या कुंपणाचं झटका मशीन. वॉटरफॉलवर साधारण दर सेकंदाला एक आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हेडफोनमध्ये टक्-टक्-टक्. मेन स्विच बंद करूनही ती जात नाही, कारण मशीन शेजारच्या कलमांच्या बागेत असतं आणि बॅटरीवर चालतं. तारेला गवत किंवा फांदी टेकली असेल तिथे ठिणगी पडते आणि त्रास कैक पटीने वाढतो. बागवाल्याला ती जागा दाखवलीत तर त्याचंही भलंच, त्याचा झटका वाया जात असतो.

बंदराजवळ असाल तर मच्छीमार बोटींचे व्हीएचएफ संच १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. ते आपल्या वारंवारतेवर नसले तरी जवळून इतके जोरात येतात की डोंगल गुदमरतं. गावाजवळ एफएम मनोरा असेल तर तेच. लक्षण ठरलेलं: गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं ते, वाढवला की सिग्नलऐवजी पूर्ण पट्टी वर उचलली जाते. गेन कमी करून पाहा. भागलं नाही तर १३७ चा फिल्टर अंगभूत असलेला एलएनए घ्या. पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला.

प्रत्यक्ष फेरीच्या वेळी

सॅटडंप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं. फेरीची वेळ त्यातच दिसते, किंवा मोबाईलवर लुक४सॅट. घरून निघताना कक्षेची माहिती ताजी करा आणि लॅपटॉपचं घड्याळ जुळवा, कारण सड्यावर नेटवर्क मिळेलच असं नाही.

आधी उपग्रहाशिवाय तपासणी. एफएम केंद्र लागतं का? मग १५६.८ वर, म्हणजे सागरी चॅनेल १६ वर, बोटींचं बोलणं येतं का? एवढं झालं तर अँटेनापासून पडद्यापर्यंत वाट मोकळी आहे. मग १३७.९ वर या, सॅम्पल रेट १.०२४ मेगा ठेवा आणि मेटिओर एम२-एक्स एलआरपीटी ७२के ही पाइपलाइन (सॅटडंपमधली डीकोडिंगची तयार मांडणी) निवडा. आपोआप गेन बंद. एलएनए नसेल तर ३८ ते ४२ डेसिबल, असेल तर २० च्या आसपासपासून सुरुवात. उपग्रह वर आला की वॉटरफॉलवर सुमारे १२० किलोहर्ट्झ रुंदीचा, सपाट माथ्याचा उंचवटा उगवतो. नक्षत्र-आकृतीत, म्हणजे डिजिटल सिग्नल ठिपक्यांनी दाखवणाऱ्या चौकटीत, विस्कटलेले ठिपके चार पुंजक्यांत गोळा होतात. सिग्नल-गोंगाट गुणोत्तर चार-पाच डेसिबलच्या वर टिकलं की ओळी पडू लागतात. डोक्यावरून जाणारी फेरी साधारण १५ मिनिटांची.

पहिल्या दहा-बारा फेऱ्यांना थेट डीकोडिंगवर विसंबू नका, बेसबँड, म्हणजे डोंगलकडून येणारा कच्चा सिग्नल, रेकॉर्ड करून ठेवा. १.०२४ मेगा सॅम्पलला ८-बिटमध्ये सेकंदाला दोन मेगाबाइट, म्हणजे १२ मिनिटांचे दीड गिगाबाइट, १६-बिटमध्ये दुप्पट. जागा खाते, पण सेटिंग चुकलं असेल तर तीच फेरी घरी पुन्हा चालवता येते आणि मुलांना वर्गात दाखवताही येते. रात्रीच्या फेरीत दृश्य प्रकाशाचे चॅनेल काळेच असणार, तो बिघाड नाही. अवरक्त चॅनेल पाहा.

चित्र मिळाल्यावर मोसडॅक या इस्रोच्या संकेतस्थळावरच्या इन्सॅट-३डीएसच्या चित्राशी ताडून पाहायला लावा. ३६,००० किलोमीटरवरून एकाच जागी खिळून पाहणारा उपग्रह आणि ८२० वरून झपाट्याने निघून जाणारा, दोघांना तोच ढग किती वेगळा दिसतो हे मुलं स्वतः शोधून काढतात. वादळाच्या दिवसांत स्वतः पकडलेल्या चित्राचा मोह मोठा असतो. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) इथे सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण समुद्रात जायचं की नाही हे अशा चित्रावरून कोणीही ठरवू नये, त्यासाठी हवामान खात्याचा इशाराच प्रमाण.

अवकाश स्थानक

स्थानक कधी ऐकू येतं, कधी नाही, याचं मुख्य कारण ते १४५.८०० वर सतत बोलतच नाही. तिथे शाळांशी ठरलेला संवाद असतो किंवा एसएसटीव्ही चित्रांचा (आवाजाच्या रूपात पाठवलेल्या स्थिर चित्रांचा) कार्यक्रम असतो, एरवी शांतता. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी तिथून हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तो अशाच ठरलेल्या वेळी. रोजच्या सरावाला १४५.८२५ वरचे डेटाचे छोटे फटकारे किंवा ४३७.८०० वरचा रिपीटर (जमिनीवरून आलेलं बोलणं पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र) ऐका. कुठलं यंत्र चालू आहे ते आरिसच्या, म्हणजे स्थानकावरचा हॅम रेडिओ चालवणाऱ्या संस्थेच्या, सूचनांत असतं.

दुसरं कारण अंतर. डोक्यावर असताना स्थानक सव्वाचारशे किलोमीटरवर असतं, क्षितिजावर असताना सुमारे २,३००. साडेपाच पट अंतर म्हणजे तीसपट क्षीण सिग्नल. १० अंशांच्या फेरीला उगाच बसू नका, ३० च्या वर चढणारी निवडा.

एफएम मोड, रुंद फिल्टर, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा. येताना आवाज १४५.८०३ च्या आसपास आणि जाताना १४५.७९७ च्या आसपास येतो, हा डॉप्लरचा परिणाम. मुलांना तो पडद्यावर रेघ वाकताना दिसतो आणि पाठ्यपुस्तकातलं सूत्र समोर उभं राहतं. ४३७.८ वर हाच फरक तिप्पट, तिथे सोबत ट्यून करत राहावं लागतं. एसएसटीव्ही बहुधा पीडी-१२० पद्धतीचं असतं: एक चित्र दोन मिनिटं, मग थोडा विराम. दहा मिनिटांच्या फेरीत दोन पूर्ण चित्रं मिळाली तर ती फेरी यशस्वी समजा. रोबोट३६ अ‍ॅप मोबाईलवर चालू करून फोन स्पीकरजवळ धरला तरी चित्र उतरतं, फक्त आजूबाजूला कोणी बोलू नये. हातातला वॉकीटॉकी संच वापरत असाल तर बोलण्याचं बटण दाबलं जाणार नाही याची काळजी घ्या. प्रक्षेपणाला हॅम परवाना लागतो, आणि मुलांत गोडी वाढली तर त्याची परीक्षा देणं हाच पुढचा रस्ता.

तांत्रिक बाजूने पुढचा टप्पा १.७ गिगाहर्ट्झचा आहे. मेटॉप-बी आणि मेटॉप-सी हे युरोपचे हवामान उपग्रह १७०१.३ मेगाहर्ट्झवर पाठवतात, मेटिओरही १७०० वर. त्यासाठी ८०-९० सेंटिमीटरची डिश, हेलिक्स फीड (डिशच्या केंद्रबिंदूपाशी बसणारा पिळलेल्या तारेचा छोटा अँटेना) आणि त्या पट्ट्याचा एलएनए लागतो, आणि फेरीभर डिश हाताने उपग्रहाच्या मागे फिरवावी लागते. घराघरांवर गंजत पडलेल्या डीटीएचच्या डिश या कामाला थोड्या लहान पडतात, तरी सरावाला चालतील. घेताना तबकडीचा पत्रा पाहा: पोपडे आले असतील तर खरवडून रंग देता येतो, पण तबकडी पिचकलेली असेल तर घेऊ नका, तिचा केंद्रबिंदू पुन्हा जुळत नाही.